घोडा, थंडी आणि शाळा : मंगोलियाच्या माळावरचे संसार



घोडा म्हटला की आपल्यासारख्या चाळीत-वस्तीत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच घोडे येतात. एक वरातीचा आणि दुसरा माथेरान-महाबळेश्वरला पर्यटकांना फिरवून आणणारा. आपल्या घरांत मात्र तिसराही एक घोडा आहे. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ ज्या घरात वाचला जातो, त्या घरातल्या लहान मुलालाही सिद्धार्थाचा कंथक आणि सारथी छन्न ठाऊक असतो. मे २०१५ मध्ये आपले पंतप्रधान मंगोलियाच्या भेटीवर गेले, तेव्हा त्या देशाने त्यांना एक घोडा भेट दिला. त्याचे नाव होते कंथक! ती बातमी वाचल्यापासून या मुलखाविषयी आम्ही मिळेल ते वाचत आलो आहोत. राजेरजवाडे आणि चंगेज खान यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, ते येथे सांगायचे नाही. कडाक्याच्या थंडीत, घोड्यांच्या सोबतीने, साधी कष्टकरी कुटुंबे संसार कसा करतात, मुले कशी वाढवतात, हे आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

मंगोलिया हा रशिया आणि चीन या दोन अवाढव्य देशांच्या मध्ये सापडलेला देश. क्षेत्रफळ १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचपट. माणसे किती? सुमारे ३५ लाख. आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत साडेशेहेचाळीस लाख माणसे होती! त्या ३५ लाखांपैकीही निम्मी राजधानी उलानबातर शहरात राहतात. उरलेला देश म्हणजे माळ, डोंगर, वाळवंट आणि जनावरे. तिथे माणसांची नाही, पण जनावरांची गणती दरवर्षी डिसेंबरात होते. २०२३ च्या अखेरच्या गणतीत नुसते घोडेच ४५ लाखांच्या वर भरले. म्हणजे पाळण्यातल्या बाळासकट दर माणशी एक घोडा, आणि वर शिल्लक!

थंडीचे काय सांगावे? नाशिकला निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर आला की आपण शेकोट्या पेटवतो आणि पेपरात द्राक्षबागांच्या बातम्या येतात. तिथे जानेवारीत शून्याखाली तीस अंश ही नेहमीची गोष्ट, चाळीसही होते. उलानबातर ही जगातली सर्वांत थंड राजधानी समजली जाते. नद्या तळापर्यंत नसल्या तरी वरून दगडासारख्या गोठतात. पाणी भरायला निघालेली बाई घागर घेऊन नव्हे, तर कुऱ्हाड घेऊन जाते. बर्फाचे ढेकूळ फोडून आणायचे, चुलीवर वितळवायचे आणि मग चहा.

अशा थंडीत ही माणसे राहतात तंबूत. त्याला ते 'गेर' म्हणतात. कानाला आपल्या 'घर' शब्दासारखा लागतो, पण नाते काही नाही. लाकडी जाळीच्या गोल भिंती, वर छत्रीच्या काड्यांसारखे वासे, आणि त्यावर लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याची पांघरुणे. छताच्या मधोमध गोल झरोका, त्यातून धुराड्याची नळी बाहेर. दार नेहमी दक्षिणेला, कारण बोचरा वारा उत्तरेचा. दोन-तीन तासांत उभारता येते, त्याहून लवकर मोडता येते. मध्यभागी लोखंडी चूल. दारातून आत आल्यावर डावीकडची, म्हणजे पश्चिमेची बाजू पुरुषांची. तिथे खोगीर, लगाम टांगलेले. उजवी बाजू बाईची, तिथे भांडीकुंडी. दारासमोरची उत्तरेची जागा मानाची. वडीलधारी आणि पाहुणे तिथे बसतात. तिथेच पेटीवर कुटुंबाचे फोटो आणि बुद्धमूर्ती.

या बुद्धमूर्तींनी फार सोसले आहे. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या राजवटीने शेकडो विहार पाडले, हजारो भिक्खूंना ठार मारले. माळावरच्या कुटुंबांनी मूर्ती पेट्यांच्या तळाशी लपवल्या आणि पन्नास वर्षे जपल्या. १९९० साली राजवट बदलली तेव्हा त्या बाहेर आल्या. त्याच वर्षी लडाखचे कुशोक बकुला हे भारताचे राजदूत म्हणून तिथे गेले आणि २००० पर्यंत राहिले. विहार पुन्हा उभे करण्यात या भारतीय भिक्खूचा मोठा वाटा आहे. मंगोलियाचा बौद्ध धर्म तिबेटी परंपरेचा आहे, त्यात कर्मकांड पुष्कळ आहे. ते आपल्याला पटणारे नाही. पण ज्यांनी जिवावर उदार होऊन मूर्ती जपल्या, त्यांच्याविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

आता घोड्यांकडे वळू. आपल्या मराठीत घोड्यांचे शब्द भरपूर आहेत. पागा, चंदी, तोबरा, खरारा, नाल. हे सगळे सरदार-दरकदारांच्या वाड्यातले शब्द. मंगोल कुटुंबाच्या घोड्याला यातले काहीच मिळत नाही. पागा नाही, चंदी नाही, नाल नाही. बर्फ पडत असताना तो उघड्या माळावर उभा असतो. अंगाने ठेंगणा, डोके मोठे, पाय आखूड. हिवाळ्यात अंगावर अस्वलासारखी केसाळ झूल येते. शरद ऋतूत चरून चरून अंगात चरबी साठवायची आणि तिच्यावर पुढचे सहा महिने काढायचे, हा त्याचा हिशेब. बर्फ पडला की तो पुढच्या खुराने बर्फ उकरतो आणि खालचे वाळके गवत खातो. गाईला हे जमत नाही. मेंढीला थोडे जमते, पण जाड बर्फात तीही हतबल होते. म्हणून शहाणा धनगर आधी घोडे सोडतो. घोड्यांनी बर्फ फोडून दिला की मागून मेंढ्या चरतात. बर्फाच्या मुलखात घोडा हा नुसता बसायचा प्राणी नव्हे. तो सगळ्या खांडाची वाट मोकळी करणारा आहे.

घोड्यांचे आपले स्वतःचे कुटुंब असते, हे आम्हाला फार मनोरंजक वाटले. एक नर, त्याच्या दहा-वीस घोड्या आणि त्यांची शिंगरे असा एक कळप. लांडगा आला तर नर कळपाभोवती फिरून घोड्या-शिंगरांना आत घेतो. आणि आपल्याच मुली वयात आल्या की त्यांना चावून, हुसकून कळपाबाहेर काढतो, त्या दुसऱ्या नराच्या कळपात जातात. सगोत्र संबंध टाळायला कुणी शास्त्री-पंडित लागत नाही म्हणायचे! नराची आयाळ कधी कापत नाहीत. खच्ची केलेल्या, बसायच्या घोड्याची आयाळ मात्र कापतात. त्यामुळे लांबूनच कोण कोण आहे ते कळते.

आणखी एक विशेष म्हणजे ते घोड्यांना बहुधा नावे ठेवत नाहीत. रंगावरून ओळखतात. आपल्याकडेही अबलख, पंचकल्याणी असे शब्द होतेच, पण त्यांच्याकडे रंगांचे शेकडो शब्द आहेत. पाच-सहा वर्षांचे पोर सांजेच्या उजेडात शंभर घोड्यांतून आपला घोडा रंगावरून, कपाळावरच्या ठिपक्यावरून बिनचूक दाखवते. वयाचे शब्दही वेगळे. पहिल्या वर्षाचे शिंगरू वेगळे, दुसऱ्या वर्षाचे वेगळे, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षाचे वेगळे. ज्या माणसाचे पोट ज्या गोष्टीवर, तिचे शब्द त्याच्या तोंडी जास्त.

हिवाळ्यात घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठते. हे काही जगात कुठे बदललेले दिसत नाही. चूल थंड झालेली असते, आतले पाणी गोठलेले. ती आधी चूल पेटवते. जळण काय? तर वाळलेले शेण! गावाकडे गोवऱ्या थापून ज्यांचे हात फाटले, त्या आमच्या आयाबहिणींना हे सांगितले तर मंगोलिया मुळीच परका वाटणार नाही. फरक इतकाच की तिथे थापावे लागत नाही. माळावर पडलेले गाईचे शेण थंड कोरड्या हवेत आपोआप सुकते. बायका-मुले पाठीवर टोपली घेऊन लांब दांड्याच्या पंज्याने ते उचलतात आणि न बघता खांद्यावरून मागे टोपलीत टाकतात. मेंढ्यांच्या गोठ्यात तुडवून घट्ट झालेल्या लेंड्यांचे थर विटांसारखे कापतात. त्या जास्त वेळ धगधगतात. मग मीठ घातलेला दुधाचा चहा होतो. साखर नाही, मीठ. पहिला पळीभर चहा बाहेर जाऊन आकाशाकडे शिंपडायचा, मग घरच्यांना द्यायचा.

पुरुष आणि मोठा मुलगा घोड्यांचे बघतात. सगळा कळप काही दारात नसतो, तो दोन-तीन डोंगर पलीकडे असतो. काही दिवसांनी एकदा जाऊन पाहून यायचे. दारात दोन खांबांमध्ये ताणलेल्या दोरीला बसायचे एक-दोन घोडे बांधलेले. एक घोडा काही आठवडे वापरला की त्याला कळपात सोडतात आणि दुसरा ताजा धरून आणतात. घोडा कसा धरायचा, तर लांबलचक काठीच्या टोकाला दोरीचा फास, तोही धावत्या घोड्यावर बसून. दौडून आलेला घोडा लगेच चरायला किंवा पाण्याला सोडत नाहीत. घाम लाकडी पट्टीने निपटून त्याला तसाच बांधून ठेवतात, अंग निवल्यावरच सोडतात. घामेजल्या अंगाने त्या थंडीत बर्फ खाल्ला तर घोडा आजारी पडतो. हे लहान मुलांनाही पाठ असते. आता मोटारसायकली आल्या आहेत, तरुण पोरे त्यांच्यावर कळप हाकतात. पण शून्याखाली पस्तीस अंशांत मोटारसायकल चालू होत नाही. घोडा होतो.

मुले घोड्यावर कधी बसतात? तिसऱ्या-चौथ्या वर्षी. मुलगाही आणि मुलगीही. बाळाचे जावळ ते दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान काढतात. आप्तेष्ट जमतात, प्रत्येक जण केसांची एक बट कापतो आणि बाळाला आहेर देतो. आहेर म्हणजे पातेले किंवा पाकीट नव्हे, तर कोकरू, वासरू. आजा-मामा सढळ हाताचा असेल तर शिंगरू. ते जनावर त्या मुलाचे. त्याची पुढची वीणही त्याचीच. चार वर्षांच्या मुलीच्या नावावर घोडी असते आणि ती मोठी होईतो तिचा छोटा कळप झालेला असतो. आपल्याकडे मुलीच्या नावावर काय असते, याचा प्रत्येकाने आपापल्या घरात विचार करावा.

येथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. तिथे पोर घोड्यावर बसले म्हणून कुणी त्याची जात विचारत नाही. आपल्या देशात वराने घोड्यावर बसावे की नाही हे गाव ठरवते. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश या राज्यांतून दलित नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या, वरातीवर दगडफेक केल्याच्या बातम्या आजही येतात. उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात २०१८ साली एका वराला आपली वरात गावातून न्यायला कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या आणि शेवटी पोलीस बंदोबस्तात ती निघाली. घोडा तोच, पाठ तीच. त्या मुक्या जनावराला वर कोण बसले आहे याची तक्रार कधीच नसते. असो.

जूनपासून दिवस पालटतात. शिंगरे जन्मलेली असतात, माळ हिरवा होतो, कुटुंब उन्हाळी मुक्कामावर येते आणि घोड्यांचे दूध सुरू होते. आपल्याला घोडीचे दूध ऐकूनही नवल वाटेल. त्याची रीत अशी : जमिनीलगत एक लांब दोर ताणून त्याला शिंगरे ओळीने बांधायची. अगदी आपली गुरांची दावण. पिल्लू बांधलेले म्हटल्यावर आया लांब जात नाहीत, तिथेच घुटमळतात. शिंगरू सोडून आधी आईला लुचायला लावायचे, पान्हा फुटला की बाजूला ओढायचे. एक जण शिंगरू आईच्या अंगाशी धरून उभा राहतो आणि बाई एक गुडघा टेकून, बादली मांडीवर तोलून, घोडीच्या मागच्या पायाला एका हाताने वेढा घालून दूध काढते. घोडी एका वेळी फार थोडे दूध देते. म्हणून दर दीड-दोन तासांनी काढावे लागते, दिवसातून पाच-सहा वेळा. दहा घोड्या असतील तर दिवसाची साठ वेळा वाकणे झाले! त्यात मेंढ्या-गाईंचे वेगळेच. तिथल्या बायकांच्या गुडघ्यांचे काय होत असेल, ते आपल्या भांडीवाल्या भगिनी सांगू शकतील.

हे दूध गाईच्या कातड्याच्या मोठ्या पिशवीत ओतून लाकडी रवीने घुसळतात. हजारो वेळा. दाराशीच पिशवी टांगलेली असते. आत येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पाहुणा का असेना, चार हात मारायचे असा शिरस्ता. दूध आंबते, फसफसते आणि त्याचा 'आइराग' होतो. युनेस्कोने २०१९ साली ही रीत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आइराग आंबट, ताकासारखा, पण किंचित मादक. साधारण दोन टक्के मद्यार्क. पंचशील घेतलेल्या माणसाने तिथे काय करावे, असा प्रश्न कुणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे : आपण चहा मागावा. मात्र तिथल्या लोकांच्या दृष्टीने उन्हाळ्यात हे जवळजवळ अन्नच आहे, हेही खरे. त्यांचे खरे दुखणे आइराग नव्हे. ते व्होडका आहे. बाटलीने घरे कशी धुऊन निघतात हे दारूबंदीच्या कामात आम्ही वस्तीत रोज पाहतो. तिथल्या बायकांचे रडगाणेही वेगळे नाही.

दरवर्षी ११ जुलैपासून 'नादम' हा त्यांचा राष्ट्रीय सण. कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांच्या शर्यती. शर्यत आपल्या रेसकोर्ससारखी गोल मैदानात नव्हे, उघड्या माळावर सरळ. दोन वर्षांच्या शिंगरांची दहा-बारा किलोमीटर, मोठ्या घोड्यांची पंचवीसच्या आसपास. बसणारे जॉकी कोण? मुले! सात-आठ-दहा वर्षांची. शर्यत घोड्याच्या ताकदीची आहे, बसणाऱ्याची नाही, म्हणून वजन कमी हवे असा त्यांचा विचार. दोन वर्षांच्या शिंगरांत जे सगळ्यांत शेवटी येते त्याचाही सत्कार होतो, पुढच्या वर्षी जिंकशील म्हणून त्याचे गुणगान गातात. हे आम्हाला फार आवडले.

पण मुलांचे काय? कायद्याने सात वर्षांखालचे मूल बसवता येत नाही. शिरस्त्राण आणि विमा सक्तीचा आहे. तरी मुले पडतात, हातपाय मोडतात, काहींचा जीवही गेला आहे. घरच्या घोड्यावर घरचे पोर, आजा कडेला उभा, ही जुनी गोष्ट वेगळी. आता शहरातले पैसेवाले शर्यतीचे घोडे ठेवतात आणि गरिबाचे पोर त्यांच्यासाठी धावते. बक्षीस मालकाला, जखम पोराला. गोठवणाऱ्या थंडीतल्या शर्यतींविरुद्ध तर तिथल्या बालहक्क कार्यकर्त्यांनी वारंवार आवाज उठवला आहे. परंपरेच्या नावाने त्यांनाही दटावले जाते. आम्हाला विचाराल तर आम्ही त्या कार्यकर्त्यांच्या बाजूचे.

आम्ही पडलो कॉमर्सचे विद्यार्थी. जमाखर्च पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मंगोलियात जनावरांचा हिशेब मेंढीच्या मापाने करतात. चाऱ्याच्या दृष्टीने एक घोडा म्हणजे सात मेंढ्या, एक गाय म्हणजे सहा, उंट पाच, शेळी मेंढीहून जरा कमी, ०.९. आता समजा एका कुटुंबाकडे १०० मेंढ्या, १०० शेळ्या, २० गाई आणि ३० घोडे आहेत. मेंढ्यांचे १००, शेळ्यांचे ९०, गाईंचे १२० आणि घोड्यांचे २१०. एकूण ५२०. म्हणजे माळावरच्या चाऱ्यात चाळीस टक्के वाटा एकट्या घोड्यांचा! आणि रोख पैसा कोण देतो? शेळी. वसंतात शेळीच्या अंगावरची मऊ लोकर विंचरून काढतात, ती काश्मिरी शालीच्या जातीची, परदेशात भारी भावाने जाते. एका शेळीमागे अडीचशे-तीनशे ग्रॅम. शंभर शेळ्यांची पंचवीस-तीस किलो. बहुतेक कुटुंबांचा वर्षाचा रोख पैसा त्यातूनच येतो. तोवर दुकानदाराची उधारी आणि बँकेचे कर्ज. सुगीवर फेडणारा आपला शेतकरी आणि लोकरीवर फेडणारा तो, वही एकच.

मग चाळीस टक्के चारा खाणारा घोडा ठेवायचा कशाला? व्यापारी हिशेबाने याचे उत्तर पुरे मिळत नाही. तो वाहन आहे, हिवाळ्यात वाट फोडणारा आहे, उन्हाळ्याचे दूध आहे. म्हातारा-दुबळा घोडा हिवाळ्यात कापून खातात, घोड्याचे मांस अंगात ऊब धरते असे मानतात. पण लाडका घोडा कापत नाहीत. तो मेला की त्याचे मस्तक उंच टेकडीवर नेऊन ठेवतात. त्याच्या शेपटीच्या केसांच्या तारा करून दोन तारांचे वाद्य वाजवतात, आणि त्या वाद्याच्या टोकालाही घोड्याचेच डोके कोरलेले असते. वहीत न बसणारी अशी एक रक्कम प्रत्येक घरात असतेच.

ही वही एका हिवाळ्यात कोरी होऊ शकते. त्या संकटाला ते 'जूद' म्हणतात. 'जग' शब्दातला ज घ्यावा. उन्हाळ्यात पाऊस कमी, गवत खुरटलेले, आणि वर हिवाळा क्रूर, असे दोन्ही जुळले की जूद. त्याच्या जाती आहेत. पांढरा जूद म्हणजे बर्फ इतका की चारा गाडला गेला. काळा जूद म्हणजे बर्फच पडला नाही, मग पाणी नाही. लोखंडी जूद सर्वांत वाईट : मध्येच थोडे ऊन पडून बर्फ वितळते, लगेच पुन्हा गोठते आणि माळावर काचेसारखे कवच चढते. ते घोड्याच्या खुरालाही फुटत नाही. जनावरे उभ्या उभ्या मरतात. २००९-१० च्या हिवाळ्यात सुमारे एक कोटी जनावरे गेली. २०२३-२४ मध्ये सत्तर लाखांहून जास्त. वसंत आला म्हणजे सुटका, असेही नाही. उलट तेव्हाच मरण जास्त, कारण अंगातली चरबी संपलेली, वारे सुटलेले आणि गवत अजून उगवलेले नसते.

या बाबतीत तिथे एक चांगली गोष्ट झाली आहे. २००६ पासून जनावरांचा एक वेगळा विमा सुरू झाला. तुमचे किती जनावर मेले ते कोणी मोजायला येत नाही. तालुक्यात त्या जातीची जनावरे सहा टक्क्यांहून जास्त दगावली, तर विमा उतरवलेल्या प्रत्येकाला पैसे. ज्याने रात्रंदिवस राबून आपली जनावरे वाचवली त्यालाही मिळतात. म्हणजे कष्टाला दंड नाही, खोट्या पंचनाम्याला वाव नाही. आमच्या टेबलावरून दावे-अर्जांचे कागद जातात, म्हणून ही युक्ती आम्हाला विशेष वाटली.

संकटाला माणसाचाही हात लागलेला आहे. १९९० च्या आधी जनावरे सहकारी संघांची होती, चारा-गोठ्यांची थोडीफार सोय संघाकडे असे. संघ मोडले, जनावरे खासगी झाली, शेळ्या वाढल्या. १९९० साली सगळी मिळून अडीच कोटी असलेली जनावरे २०१९ मध्ये सात कोटींवर गेली. माळ तेवढाच. हवामान बदलते आहे ते वेगळेच.

सगळे गमावलेले कुटुंब गेर मोडून उलानबातरच्या कडेला येते आणि तिथे तोच गेर उभारते. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईच्या झोपडपट्टीत आलेल्यांना हे समजावून सांगायला नको. शहराची निम्म्याहून जास्त वस्ती अशा गेरांची. माळावर शेण जळत होते, इथे कोळसा. हिवाळ्यात शहरावर धूर इतका बसे की लहान मुलांना न्यूमोनिया होई. मे २०१९ मध्ये कच्चा कोळसा बंद करून दाबलेल्या विटा आणल्या, त्याने काही फरक पडला, पण धूर संपलेला नाही. कालपर्यंत घोड्यावर असलेला बाप बांधकामावर नाहीतर बाजारात हमाली शोधतो.

आता शाळेचे. शिक्षणाच्या बाबतीत हा भटका देश आपल्या पुष्कळ पुढे आहे. जवळपास सगळी माणसे साक्षर. याचे कारण वसतिगृहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी शाळा आणि तिला जोडून वसतिगृह, ही व्यवस्था समाजवादी काळात उभी राहिली. माळावरची मुले सप्टेंबरात येत, सुट्ट्यांत परत जात. १९२५ साली सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह निघाले ते का, हे आपण जाणतोच. गरिबाच्या पोराला शाळेआधी छप्पर आणि ताट लागते. १९९० नंतर तिथे सरकारची तिजोरी रिकामी झाली. काही वर्षे तर वसतिगृहातल्या मुलामागे पालकांकडून मांस मागत. आणि घरी स्वतःची जनावरे आलेली, राबायला हात हवेत. पुष्कळांनी मुलगे शाळेतून काढले आणि मुली शाळेत ठेवल्या. त्याचा परिणाम उलटा दिसतो. तिथे विद्यापीठांत मुली जास्त, मुलगे कमी. शिकलेली मुलगी शहरात राहते, आणि माळावरच्या तरुणाला लग्नाला मुलगी मिळत नाही.

पुढे मांसाची अट गेली, वसतिगृहे सुधारली. पण एक नवा पेच आला. पूर्वी शाळा आठव्या वर्षी सुरू होई. २००८ पासून ती सहाव्या वर्षी सुरू होते. सहा वर्षांचे पोर वसतिगृहात एकटे कसे ठेवायचे? मग आई धाकट्या मुलांना घेऊन तालुक्याच्या गावी दुसरा गेर लावते आणि बाप म्हातारा-म्हातारीसह हिवाळी मुक्कामावर जनावरांपाशी राहतो. मध्ये तीस-चाळीस किलोमीटर बर्फ. दोन चुली, दोन ठिकाणचे जळण, दोन ठिकाणचा किराणा. घरात जी बाई पहाटे चूल पेटवत होती ती तिथे नाही. वासरे-कोकरे सांभाळणारे हात कमी झाले. आजीआजोबा असतील तर मुले त्यांच्याबरोबर गावी ठेवतात, तेवढाच एक मार्ग. माळ सोडायचे कारण विचारले तर जूदच्या बरोबरीने लोक मुलांची शाळा सांगतात.

या मुलांची शाळा सुटते जूनच्या सुरुवातीला आणि उघडते १ सप्टेंबरला. म्हणजे घोड्यांच्या दुधाचा जवळजवळ सगळा हंगाम ती घरी असतात. शिंगरे धरायला, दावणीवर बांधायला, नादमला घोडा तयार करायला. ऑगस्टच्या अखेरीला आई वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे तुकडे पिशवीत भरते, वसतिगृहात ते महिनोन् महिने टिकतात. बाप किंवा मोठा भाऊ मोटारसायकलवर, नाहीतर शेजाऱ्याच्या जीपमधून पोरांना पोचवून येतो. दावणीवरची शिंगरे त्यानंतरही काही आठवडे बांधलेलीच असतात. ती धरायला आता घरात जो असेल तो.